नऊ वर्षं एकच पत्ता

फोन आला तेव्हा कासिमिरा आर्रेदोंदो शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तीनशे पोरांचं जेवण साडेअकराला लागायचं, त्यामुळे कामावर असताना फोन घ्यायची मुभा नव्हती. पण मुख्य आचारीणबाई स्वतः येऊन म्हणाली की कुणी पोर आहे, रडतेय आणि स्पॅनिशच बोलतेय, तूच बघ.

ती पोर ओदिलिया. एकोणीस वर्षांची, राज्याच्या मनोरुग्णालयात धुणंघरात महिन्याभरापूर्वी लागलेली. कासिमिराला तिने आधी नावाची खात्री करायला लावली, मग वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं दोन्या म्हणून विचारलं, "दोन्या कासिमिरा, तुम्ही केल्सीत साखर कारखान्यामागे चौथ्या गल्लीत सतरा नंबरात राहता?"

"राहते. तुला कुणी सांगितलं?"

"इथे पाच नंबरच्या वॉर्डात एक माणूस आहे. मी चादरी न्यायला जाते तेव्हा तो खिडकीशी उभा असतो. दिवसभर तुमचं नाव आणि हाच पत्ता म्हणतो. मला आधी वाटलं प्रार्थना म्हणतोय. मग केल्सीच्या चर्चला फोन केला, त्यांनी शाळेचा नंबर दिला."

कासिमिराने सुरी खाली ठेवली. चौथी गल्ली, सतरा नंबर, साखर कारखान्यामागे, केल्सी. हे शब्द तिनेच पत्रात लिहिले होते, एकोणीसशे एकसष्टच्या डिसेंबरात, धाकट्या भावाला. सीमेपलीकडे गावी आईजवळ राहिलेल्या नेमेसियोला तिने इकडे बोलावून घेतलं होतं. साखरेच्या बीटच्या शेतांवर माणसं हवी होती, रीतसर कागदही झाले होते. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, वाटेत चुकलास तर कुणालाही हा पत्ता म्हणून दाखव, तोंडपाठ कर.

त्याने तोंडपाठ केला होता. जानेवारीत ती बसथांब्यावर तीन दिवस उभी राहिली, तो उतरला नाही. मग ती आणि तिचा नवरा शेरीफकडे गेले, जिल्हा कचेरीत गेले, राजधानीतल्या पोलिसांना वकिलाकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. सगळीकडून एकच उत्तर आलं. तुमची माणसं अशीच असतात बाई, मन बदललं असेल, परत गेला असेल. कुठल्याशा कपाटात तिच्या अर्जावर शिक्का बसला आणि तो तिथेच राहिला. गावी आई पोराच्या पत्राची वाट पाहत पाहत सहासष्टमध्ये गेली. जाताना म्हणाली, उत्तरेला गेला आणि आईला विसरला. कासिमिराचा नवराही दोन वर्षांनी गेला. भावाच्या नावाने ती दरवर्षी मेणबत्ती लावायची, पण जिवंतांसाठी लावायची की मेलेल्यांसाठी, हे तिला कधी ठरवता आलं नव्हतं.

तो सगळा काळ नेमेसियो तिच्यापासून एकशे साठ मैलांवर होता.

काय झालं होतं ते पुढे कागदांवरून कळलं. राजधानीत बस बदलायची होती, तिथे त्याला फणफणून ताप भरला. तो बाकावर आडवा झाला. पोलिसाने हलवलं तेव्हा धडपडत उठला, त्याचा हात धरून जोरजोरात बोलायला लागला. खिशातलं पाकीट आधीच कुणीतरी मारलं होतं. पोलिसाने त्याला दारूडा समजून कोठडीत टाकलं, दारू नव्हती हे कळल्यावर वेडा समजून इस्पितळात पाठवलं. तिथे नाव विचारलं. तो म्हणाला, नेमेसियो. त्यांनी लिहिलं, जॉन नेमिस. न्यायाधीशांसमोर चार मिनिटं उभं केलं आणि आत पाठवलं. पहिल्या पानावर डॉक्टरने नोंद केली होती: रुग्ण असंबद्ध बडबडतो. एकच निरर्थक वाक्य पुन्हापुन्हा उच्चारतो. नातेवाईक नाहीत.

निरर्थक वाक्य म्हणजे तिचं नाव आणि पत्ता.

भावाला न्यायला गेली तेव्हा कासिमिराने ते पान इस्पितळाच्या कचेरीतल्या खुर्चीत बसून वाचलं. आसपासच्या लोकांना वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने ते पुन्हा एकदा वाचलं आणि प्रमुख डॉक्टरांना विचारलं, हे कुणी लिहिलंय. ते म्हणाले, ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. मग दुसऱ्या वर्षी कुणी लिहिलं, तिसऱ्या वर्षी कुणी. दरवर्षी खाली नवी सही होती आणि वर तेच वाक्य. नऊ सह्या. एकानेही कान दिला नव्हता. जाताना तिच्या हातात सुटकेचा कागद दिला, त्यावर लिहिलं होतं, प्रकृतीत सुधारणा झाल्याने घरी सोडण्यात येत आहे. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे तिला त्या दिवशी समजलं, आणि ती आग नंतर खाली उतरली नाही.

नेमेसियो चोविसाव्या वर्षी निघाला होता, तेहतिसाव्या वर्षी बहिणीच्या घरी पोचला. गोळ्यांनी सुजलेला, केस पांढरे, हात थरथरणारे. सकाळी सहाला तो आपोआप उठून पलंगाशेजारी उभा राही, कुणीतरी येऊन मोजून जाण्याची वाट बघे. कासिमिरा म्हणे, "अरे बस, इथे कुणी मोजत नाही." तो बसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. राजम्याची वाटी पुढे ठेवली की आधी तिच्या तोंडाकडे बघे, खाऊ का म्हणून. बोलणं हळूहळू परत आलं. आई गेल्याचं तिने त्याला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "तिला कळवलं होतंस ना, मी वाटेत आहे म्हणून?"

कासिमिरा हो म्हणाली. त्या खोट्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही.

त्याच उन्हाळ्यात फाउस्तो ओल्गीन तिच्याकडे आला. केल्सीचाच मुलगा, बीट खुरपणाऱ्यांच्या घरातला, आता राजधानीत वकील. तो आणि काही मंडळी दोन वर्षं एका गोष्टीमागे लागली होती. राज्य सरकारने आपल्या स्पॅनिश बोलणाऱ्या समाजासाठी एक आयोग नेमावा, कायद्याने. इस्पितळात, कोर्टात, शाळेत आपल्या माणसांचं काय होतं ते बघणारी एक कचेरी हवी, तिच्या हातात कागद मागायचा अधिकार हवा. विधेयक एकदा समितीतच मारलं गेलं होतं. आता पुन्हा येणार होतं. फाउस्तोने चाचरत सांगितलं की फेब्रुवारीतल्या सुनावणीत कासिमिराने बोलावं. आणि जमलं तर नेमेसियोलाही आणावं.

"त्याला दाखवायला नेऊ?" कासिमिरा म्हणाली. "जत्रेत दोन डोक्यांचं वासरू नेतात तसं?"

फाउस्तोने मान खाली घातली. तो म्हणाला, आमदारांना आकडे दाखवून झालेत, आकड्यांनी ते जांभया देतात.

ती त्याला हाकलणारच होती. पण आतून नेमेसियो आला आणि म्हणाला, मी येतो. बसमधून त्या दिवशी त्याने विधानभवनाचा मोठा घुमट बघितला होता, ताप चढायच्या आधी, आणि ती इमारत आतून कशी आहे ते त्याला बघायचं होतं. फाउस्तोच्या गाडीला वाटेत दोनदा थांबावं लागलं, कारण राजधानी जवळ आली तसा नेमेसियो दाराची कडी चाचपायला लागला होता. दोन्ही वेळा तो स्वतःच म्हणाला, चला.

सुनावणीची खोली लाकडी, गरम, माणसांनी अर्धी भरलेली. समितीचे अध्यक्ष लिंडक्विस्ट नावाचे गृहस्थ होते, पांढरे केस, बोलणं अगदी मऊ. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि सांगितलं की त्यांचे आजोबाही परक्या देशातूनच आले होते, त्यांनी काही सरकारकडे आयोग मागितला नव्हता. कष्ट केले, भाषा शिकले. एकाला वेगळी कचेरी दिली तर उद्या प्रत्येकाला द्यावी लागेल. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मग त्यांची नजर नेमेसियोकडे गेली. फाउस्तोने आधी कागद दिलेच होते. लिंडक्विस्ट अगदी मायेने म्हणाले, हेच का ते गृहस्थ, आणि त्यांनी थेट त्यालाच इंग्रजीत विचारलं की या विधेयकाबद्दल तुमचं काय मत आहे.

नेमेसियो ताडकन उभा राहिला. हात बाजूला सरळ. नऊ वर्षांत इस्पितळाने त्याला जेवढं इंग्रजी शिकवलं होतं तेवढं तो बोलला. "होय साहेब. आज बरं वाटतंय, साहेब. गोळी घेतली."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांना वाटलं त्याला प्रश्न समजला नाही, त्यांनी जरा मोठ्याने तोच प्रश्न केला.

"होय साहेब. थँक्यू साहेब. आज बरं वाटतंय."

कासिमिराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तिने बोलण्यासाठी दोन पानं लिहून आणली होती, फाउस्तोने तपासून दिलेली, नम्र. ती पानं तिने उघडलीच नाहीत. ती त्यांच्याच भाषेत बोलली, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात वापरलेल्या इंग्रजीत, न अडखळता, आवाज न चढवता. तिने सांगितलं की जानेवारी बासष्टमध्ये हा माणूस हरवल्याचा अर्ज तिने दिला. त्याच महिन्यात राज्याच्या इस्पितळाने हा माणूस सापडल्याचा कागद केला. एका कपाटात तो हरवलेला, दुसऱ्या कपाटात तो सापडलेला, आणि दोन्ही कपाटं एकाच सरकारची. नऊ वर्षं कुणी एका कपाटातला कागद काढून दुसऱ्यातल्या कागदाशेजारी ठेवला नाही.

लिंडक्विस्ट म्हणाले की झालं ते फार दुःखद आहे, पण न्यायाने बघायला हवं. त्या इस्पितळाने त्यांना नऊ वर्षं ऊब दिली, रोज तीन वेळा जेवू घातलं. "बाई, तुम्ही मला सांगा, यापेक्षा जास्त तुमच्या आयोगाने काय केलं असतं?"

"पत्ता वाचला असता," कासिमिरा म्हणाली.

तिने इस्पितळाचं पहिलं पान काढलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं, निरर्थक बडबड. मग नेमेसियोला आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "त्यांना म्हणून दाखव रे, तू काय म्हणायचास." त्याने म्हटलं. खाली बघून, सलग, एका सुरात, जसं रोज म्हणायचा तसं. मग तिने तेच शब्द एकेक करून इंग्रजीत सांगितले. माझं नाव. माझी गल्ली. माझा नंबर. कारखाना. गाव. "तुमच्या आजोबांना ताप आला असता," ती लिंडक्विस्टना म्हणाली, "आणि त्यांनी बहिणीचं नाव घेतलं असतं, तर तेव्हाच्या डॉक्टरला ते समजलं असतं, कारण तोही त्यांच्याच मुलखातून आलेला होता. म्हणून त्यांना आयोग लागला नाही."

विधेयक समितीतून एका मताच्या फरकाने सुटलं आणि पुढे सभागृहात दोन मतांच्या फरकाने पास झालं. लिंडक्विस्ट विरोधातच राहिले. पण पास होण्याआधी त्याला कात्री लागली. कुठल्याही खात्याकडून कागद मागवायचा अधिकार गेला. तपासणीचा अधिकार गेला. उरला तो अभ्यास करायचा, सल्ला द्यायचा आणि वर्षाला एक अहवाल छापायचा. सदस्य नऊ, पगारी माणूस एक, आणि चार वर्षांनी आयोग आपोआप बंद, पुन्हा ठराव झाला नाही तर.

फाउस्तो आनंदाने केल्सीला आला, हातात बातमीचं कात्रण. कासिमिराने सगळा कायदा वाचला, मग कात्रण त्याच्या हातात परत दिलं.

"याला दात कुठेत?"

"दोन्या, दात नसले तरी तोंड आहे. कालपर्यंत तेही नव्हतं."

"दात नसलेल्या तोंडाला भरवतात," ती म्हणाली. "ते चावत नाही."

फाउस्तोही तापला. दोन वर्षं त्याने त्या इमारतीत कोणाकोणाच्या दाराशी ताटकळून काढली होती ते त्याने एका दमात ऐकवलं. तिला सगळं एकदम हवं होतं, आणि सगळं एकदम कधीच मिळत नाही, हे तिच्या वयाच्या बाईला मी सांगावं का, असं म्हणाला. तिने त्याला दार दाखवलं. आठवड्याने त्याचं पत्र आलं. सदस्यांच्या यादीत राज्यपाल तिचं नाव घालायला तयार होते. तिने तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी लिहिलं, येते, पण फोटोला उभी राहणार नाही. कायद्यावर सही करण्याच्या समारंभाला ती गेली नाही. नेमेसियोलाही कुणी नेलं नाही.

जुलैमध्ये पहिली बैठक झाली, राजधानीच्या त्याच इमारतीच्या तळघरात, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. पगारी माणूस म्हणून फाउस्तोला नेमलं होतं. आयोगाचे अध्यक्ष एक दुकानदार गृहस्थ होते, सगळ्यांशी गोड. त्यांचा बेत होता की आधी आपल्या खाण्यापिण्याचा, नाचगाण्यांचा एक उत्सव भरवावा, म्हणजे लोकांना आपली ओळख होईल. कासिमिराने हात वर केला आणि म्हणाली, आधी यादी. राज्याच्या चारही इस्पितळांत आपल्या भाषेची किती माणसं आहेत त्याची. उत्सव नंतर करा, मी मक्याच्या पिठाचे तमाल वाफवून आणीन.

पत्र गेलं. दीड महिन्याने इस्पितळ खात्याचं उत्तर आलं. रुग्णांची नावं गोपनीय असतात, आयोगाला ती मागण्याचा अधिकार नाही, आपल्या कार्यास शुभेच्छा. अध्यक्ष म्हणाले, आपण विचारलं, त्यांनी कळवलं, आपलं काम झालं. बैठक संपल्यावर मात्र फाउस्तो कासिमिराला जिन्यात गाठून म्हणाला की रविवारी दुपारी दोन ते चार भेटीची वेळ असते. भेटायला कुणीही जाऊ शकतं. त्याला अधिकार लागत नाही.

सप्टेंबरपासून दर रविवारी त्या निघायला लागल्या. कासिमिरा, ओदिलिया, आणि केल्सीच्या चर्चमधल्या पाचसहा बायका, दोन गाड्यांत. दारावर विचारत, कुणाला भेटायचंय. कासिमिरा म्हणे, जो बोलेल त्याला. दाराशी हुज्जत व्हायची, मग कुणीतरी फाउस्तोने दिलेलं राज्याच्या शिक्क्याचं पत्र बघायचं, त्यात अधिकाराचं काही नव्हतंच, पण शिक्का होता. एकेका वॉर्डात जाऊन त्या मोठ्याने आपल्या भाषेत बोलत. गप्पा मारल्यासारख्या. आज ऊन किती आहे, तुझ्या सुनेचं कसं चाललंय. आणि कोण मान वळवतं ते बघत.

पहिल्या दोन इस्पितळांत कुणी वळलं नाही. बायका थकल्या, दोघीजणी गळाल्या. ऑक्टोबरच्या शेवटी तिसऱ्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, भिंतीकडे तोंड करून बसलेली एक म्हातारी वळली. तोमासा तिचं नाव. एकोणीस वर्षं आत. ती म्हणाली, "बीटची विरळणी झाली का गं?"

कासिमिरा तिच्याजवळ खाली जमिनीवर बसली. तोमासाने तिला सांगितलं की शेतावरून तिला आणलं तेव्हा तिचं बाळ नुकतंच गेलं होतं आणि ती ओरडत होती. कोण ओरडणार नाही. नवऱ्याला ती इथे आहे हे कळलं की नाही तिला ठाऊक नव्हतं. फाउस्तोने पुढे दोन महिने शोध घेतला. नवरा टेक्सासात वारला होता, दुसरी बायको करून, पहिली मेली असं समजून. जवळचं कुणी उरलं नव्हतं. चर्चच्या घरात तिची सोय झाली, पण ती आली नाही. म्हणाली, आता इथलीच सवय झाली, बाहेर मला कोण ओळखतं. कासिमिरा तिच्याकडे दर महिन्याला जात राहिली. चौथ्या इस्पितळात दोन पुरुष सापडले. एक खरोखर आजारी होता. दुसऱ्याला फक्त ऐकू कमी यायचं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा भांडण एका शब्दावर पेटलं. अध्यक्षांच्या मसुद्यात होतं, काही दुर्दैवी चुका निदर्शनास आल्या. कासिमिरा म्हणाली, चूक एकदा होते. नऊ वर्षांत नऊ सह्या होतात तेव्हा तिला चूक म्हणत नाहीत. तिला तिथे अन्याय हा शब्द हवा होता. अध्यक्ष कळवळून म्हणाले की असं लिहिलं तर आमदार आयोगच बंद करतील. मतं घेतली. सहा विरुद्ध तीन. ती हरली. तिच्या बाजूच्या तिघांत ती स्वतः, एक रेल्वेचा निवृत्त मजूर आणि एक नन. फाउस्तोला मत नव्हतं, पण कायद्यातली एक ओळ त्याने शोधून दाखवली. सदस्याला असहमती नोंदवता येते आणि ती छापावीच लागते. मग अहवालाच्या शेवटच्या पानावर कासिमिराने इस्पितळाचं ते पहिलं पान जसंच्या तसं छापायला लावलं, आणि त्याखाली त्या निरर्थक वाक्याचा अर्थ. दुसरं काही लिहिलं नाही.

वर्तमानपत्रांनी अहवालाची बाकीची चाळीस पानं सोडून दिली आणि तेवढंच छापलं. पुढच्या अधिवेशनात नियम झाला की इस्पितळात आणलेल्या माणसाची भाषा कळत नसेल तर दोन दिवसांत दुभाषा आणायचा, नाहीतर त्याला ठेवता येणार नाही. मांडणाऱ्यांत लिंडक्विस्टही होते. कासिमिराला फाउस्तोने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. एवढंच.

वसंतात इस्पितळ खात्याचे प्रमुख स्वतः आयोगाच्या बैठकीला आले, नवा नियम कसा राबवणार ते समजावायला. तक्ते आणले होते, सगळं नीट केलं होतं. शेवटी सगळ्यांशी हात मिळवत ते कासिमिरापाशी आले. तिने हात टेबलावरच ठेवला. ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "मिसेस आर्रेदोंदो, इतकं सगळं झालं, तरी तुमचा राग गेला नाही अजून."

"नाही," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. ती आणखी काही बोलेल, समजावेल, थोडी नरमेल अशी बाकीचेही वाट बघत होते. तिने चष्मा लावला, समोरचा कागद ओढला आणि अध्यक्षांना विचारलं की पुढचा विषय शाळांचा आहे ना, तर घ्या, कारण मला साडेपाचची बस पकडायचीय.